पहिल्यांदाच फोल्डिंग फोन घेताय? दुकानापासून सर्व्हिस सेंटरपर्यंत

फोल्डिंग फोन हातात दिसला की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पडदा दुमडतो तिथली मधली रेघ दिसते का? आणि हा तुटत नाही का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: दिसते, आणि आठवड्याभरात तुमचं तिच्याकडे लक्ष जायचं थांबतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, ते पुढे येईलच. पण खरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. घडी घातलेला असताना हा फोन कसा आहे? दिवसभरात तो बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. फोन उचलणं, ओटीपी बघणं, रिक्षावाल्याला पैसे पाठवणं, ‘निघालो’ एवढं लिहिणं, ही सगळी कामं बाहेरच्या पडद्यावर होतात. तो पडदा पसंत नसेल तर आतला कितीही देखणा असो, सहा महिन्यांत वैताग येतो.

मी पुस्तकासारखा उघडणारा फोन वापरतो, बायकोकडे फ्लिप आहे. दोन्ही रोजच्या धबडग्यातून गेलेले आहेत. ओळखीतलं कुणी ‘घेऊ का?’ म्हणालं की जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

१. आधी प्रकार ठरवा, कंपनी नंतर

फोल्डिंग फोन मुख्यतः दोन प्रकारचे. फ्लिप म्हणजे नेहमीच्या आकाराचा फोन मधोमध आडवा दुमडून निम्मा होतो. फोल्ड म्हणजे नेहमीच्या आकाराचा फोन पुस्तकासारखा उघडून छोटा टॅब्लेट होतो. दोघांची नावं एका दमात घेतली जात असली तरी त्यांची कामं उलटी आहेत. फ्लिप खिशातली जागा वाचवतो, फोल्ड पडद्याची जागा वाढवतो. ‘मला मोठा पडदा हवा’ म्हणून फ्लिप घेणारे लोक मी पाहिले आहेत. उघडल्यावर त्यांच्या हातात पूर्वीइतकाच फोन होता.

किमतीतही मोठं अंतर आहे. मोटोरोलाचा रेझर ६० हा फ्लिप २०२५ मध्ये ४९,९९९ रुपयांना आला, तर सॅमसंगचा झेड फ्लिप ७ त्याच वर्षी १,०९,९९९ ला. पुस्तकी प्रकारात वनप्लस ओपन २०२३ मध्ये १,३९,९९९ ला निघाला होता आणि सॅमसंगच्या झेड फोल्ड ७ ची सुरुवात २०२५ मध्ये १,७४,९९९ पासून झाली. भारतात आलेल्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डची २०१९ मधली किंमत १,६४,९९९ होती. म्हणजे ‘थोडं थांबलं की स्वस्त होतील’ हे सॅमसंगच्या फोल्डच्या बाबतीत सहा वर्षांत तरी खरं ठरलेलं नाही. नव्याची किंमत तिथेच आहे, जुन्याची मात्र झपाट्याने उतरते. त्याबद्दल सातव्या पायरीत बोलू.

माझं मत विचाराल तर पीडीएफ, ई-पेपर, एक्सेल, नकाशे यांत रोज तासभर जात असेल तरच फोल्ड घ्या. नसेल जात, तर फ्लिप घ्या किंवा सरळ साधा, न दुमडणारा फोन घ्या आणि उरलेल्या पैशांत घरी टॅब्लेट आणा.

२. दुकानात फोन मिटलेला ठेवूनच पारखा

काउंटरवरचा मुलगा लगेच फोन उघडून दाखवेल. त्याला थांबवा. आधी घडी घातलेला फोन हातात घ्या आणि बाहेरच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड काढून दोन-तीन वाक्यं लिहा. ‘ज्ञानेश्वर’, ‘स्वातंत्र्य’, ‘कृष्णाकाठ’ असले जोडाक्षरांचे शब्द मुद्दाम घ्या. सॅमसंगच्या फोल्ड ३, ४ आणि ५ चा बाहेरचा पडदा ६.२ इंची आहे. कागदावर आकडा मोठा वाटतो, पण पडदा उंच आणि अरुंद असल्यामुळे मराठी कीबोर्डच्या कळा दाटीवाटीने बसतात. फोल्ड ७ मध्ये तो ६.५ इंची आणि बराच रुंद झाला, त्यामुळे त्यावर लिहिताना वेगळं काही वापरतोय असं वाटत नाही. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी ही एक चाचणी चुकवू नये.

मग वजन. फोल्ड ४ चं २६३ ग्रॅम होतं, फोल्ड ६ चं २३९, फोल्ड ७ चं २१५. याच सॅमसंगचा न दुमडणारा एस२५ अल्ट्रा २१८ ग्रॅमचा आहे. म्हणजे ‘फोल्डिंग म्हणजे जड’ ही तक्रार नव्या मॉडेलांपुरती संपली, जुन्यांची अजून शिल्लक आहे. फोन पँटच्या खिशात टाकून खुर्चीवर बसून बघा, दुकानात लाजू नका. शर्टाच्या खिशात ठेवायची सवय असेल तर एकदा वाकूनही बघा.

त्यानंतर फोन उघडा. बिजागरी वेगवेगळ्या कोनांत थांबते का? उघडताना करकर येते का? ट्यूबलाइटखाली तिरका धरल्यावर रेघ किती खोल वाटते? हेही ध्यानात घ्या की पुस्तकी फोन उघडायला दोन हात लागतात. विरार लोकलमध्ये एक हात कडीला अडकलेला असताना आतला पडदा तुमच्यासाठी नसल्यातच जमा आहे.

३. कागदपत्रं आणि साहित्य जमवा

खरेदीच्या दिवशी जवळ असावं असं:

- आधार आणि पॅन, हप्त्यांवर घेणार असाल तर
- ज्या बँकेच्या कार्डावर सूट आहे तेच कार्ड. मित्राचं कार्ड वापरायचं असेल तर मित्रालाही सोबत न्या, ओटीपी त्याच्याकडे येणार
- जुना फोन बदल्यात देणार असाल तर त्याचं बिल आणि बॅकअप झाल्याची खात्री
- दोन भागांचं कव्हर. बहुतेक कव्हरांचा पुढचा भाग चिकटपट्टीवर टिकतो, ती पट्टी सुटली की तो भाग निखळून येतो, म्हणून बिजागरीवरून जाणारं कव्हर बरं
- मऊ, कोरडं मायक्रोफायबर कापड
- कॅमेऱ्याची धूळ उडवतात तसला रबरी फुगा
- चार्जर. बऱ्याच कंपन्या तो डब्यात देत नाहीत

बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, छापलेला आहे ना, हे दुकानातच तपासा. फोनवर *#०६# दाबलं की तो दिसतो. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं. फोन हरवला तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, पण त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि हे बिल लागतं.

४. विम्याचं आधी बोला, पैसे नंतर द्या

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी वाचा. नेहमीच्या वॉरंटीत निर्मितीतला दोष येतो. पडणं, पाणी जाणं, आतल्या पडद्यावर टोकदार वस्तू दाबली जाणं यांतलं काहीही त्यात येत नाही. आतला पडदा स्वखर्चाने बदलायचा तर बिल पाच आकडी येतं आणि त्या रकमेत चांगला साधा फोन येतो.

म्हणून अपघाती नुकसान आणि द्रवामुळे होणारं नुकसान दोन्ही धरणारी योजना घ्या. ‘फक्त स्क्रीन’ अशी योजना असेल तर आतला आणि बाहेरचा, दोन्ही पडदे त्यात आहेत का हे लेखी बघा. विचारायचे आणखी प्रश्न: वर्षाला किती दावे? प्रत्येक दाव्याला खिशातून किती? चोरी धरली आहे का? दुरुस्ती कंपनीच्या अधिकृत केंद्रातच होईल ना? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण दुकानं स्वतःच्या किंवा तिसऱ्याच कंपनीच्या योजनाही गोड बोलून गळ्यात मारतात आणि नावांवरून फरक कळत नाही. शिवाय कंपनीची योजना खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येते. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं की दार बंद.

५. डबा उघडला. आता काय करायचं नाही?

आतल्या पडद्यावर कंपनीतूनच एक पातळ थर चिकटवलेला येतो. तो स्क्रीन गार्डसारखा दिसतो, पण पडद्याचाच भाग समजा. काढू नका. एप्रिल २०१९ मध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी काही पत्रकारांना दिला होता. त्यांतल्या काहींनी हा थर प्लॅस्टिकचं वेष्टन समजून सोलला आणि पडदे गेले. काहींचे थर न काढताही बिघडले. शेवटी सॅमसंगला विक्री पुढे ढकलून सप्टेंबरपर्यंत रचना सुधारावी लागली. आता त्या थराच्या कडा चौकटीखाली सरकवलेल्या असतात, तरी नखाने कोपरा उचकटायचा मोह होतोच.

सॅमसंगने २०२० च्या झेड फ्लिपपासून या थराखाली काच वापरायला सुरुवात केली. ती साधारण ३० मायक्रॉन जाडीची, केसापेक्षाही पातळ असते. म्हणून तर ती वाकते. पण त्यामुळेच तुम्ही ज्याला स्पर्श करता तो वरचा थर मऊ प्लॅस्टिकचा असतो आणि त्यावर नख जोरात दाबलं तर खूण उमटते. पेन चालतो का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. फोल्ड ३ पासून फोल्ड ६ पर्यंत सॅमसंगचा ठरावीक पेन चालतो, फोल्ड ७ मधून ती सोय काढून टाकली. साधा स्टायलस कुठल्याच फोल्डिंग पडद्यावर टेकवू नका.

आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल ॲक्सेसरीवाल्यापासून जपा. तो प्रेमाने ‘आतून पण टेम्पर्ड मारून देतो, साहेब’ म्हणेल. बाहेरच्या पडद्याला खुशाल मारू द्या. आत मात्र काही चिकटवायचं नाही, काच नाही, गोंद लावून निळ्या दिव्याखाली वाळवायचं ते तर मुळीच नाही. दोन पाती मिटल्यावर मधे जी जागा उरते ती इतकी कमी असते की जास्तीचा थर थेट पडद्यावर दाब आणतो.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर हेही लक्षात असू द्या. फोन मिटलेला राहावा म्हणून आत चुंबकं असतात. अशा माणसाने तो शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये, शरीरातल्या उपकरणापासून निदान १५ सेंटिमीटर लांब धरावा. हॉटेलच्या खोलीचं कार्डही फोनला चिकटवून ठेवू नका, त्यावरची चुंबकीय नोंद पुसली जाऊ शकते.

६. जुन्या फोनवरून हलताना

फोटो आणि संपर्क आपोआप येतात, अडकतं ते बँकेचं. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना नोंदणीकृत सिममधून एसएमएस जातो. त्यामुळे सिम आधी, ॲप नंतर. फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. घरभाडं किंवा शाळेची फी त्याच दिवशी भरायची असेल तर जुन्या फोनवरून आधी उरकून घ्या.

एक सापळा खास सांगतो. नव्या फोनच्या उत्साहात लोक त्याच दिवशी सिमचं ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच नोंदलेलं सिम) करून घेतात. सिम बदललं की २४ तास त्यावरचे एसएमएस बंद राहतात. मग ओटीपी येत नाही, यूपीआय सुरू होत नाही आणि हातात पावणेदोन लाखांचा फोन असून चहाचे पैसे बायको देते. ई-सिम करायचंच तर फोन रुळल्यावर एखाद्या रविवारी करा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप जुन्या फोनवर स्वतः दाबून घ्या, ‘रात्री आपोआप होतो’ यावर विसंबू नका. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) वापरत असाल तर त्यातली खाती आधी हलवा. हे सगळं नव्या फोनवर चालतंय हे पाहिल्यावरच जुना फोन रिकामा करायचा.

७. सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

नव्या खरेदीवाल्यांनी ही पायरी ओलांडून पुढे जावं.

जुना फोल्ड निम्म्या किमतीत मिळतो आणि मोह होतो. आधी आयएमईआय तपासा: एसएमएसमध्ये केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत, मग जागा सोडून १५ अंकी आयएमईआय, आणि १४४२२ वर पाठवा. क्रमांक ब्लॉक केलेला किंवा दुसरीकडे चालू असल्याचा निरोप आला तर तिथूनच नमस्कार करा. नंतर आतल्या पडद्यावर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र उघडून बघा. रेघेवर हिरवी किंवा काळी उभी-आडवी रेषा दिसली, ठिपका दिसला, रेघेच्या जागी स्पर्श लागत नसला तर घेऊ नका, भाव कितीही पाडून दिला तरी. फोन पूर्ण सपाट उघडतो का हेही पाहा. बिजागरी दमलेली असेल तर तो किंचित वाकलेलाच राहतो.

दुबईहून किंवा चीनमधून आणलेली, भारतात कधीच विकायला न आलेली मॉडेलंही फिरत असतात. गूगलचा २०२३ चा पहिला पिक्सेल फोल्ड भारतात अधिकृतपणे आला नव्हता. अशा फोनचा सुटा पडदा इथे मिळणं दुरापास्त आणि वॉरंटी ज्या देशात घेतली तिथलीच. अमेरिकेतल्या भावाने जुना फोन पाठवला तरी नियम हाच.

८. पहिल्या संध्याकाळी बदलायच्या सेटिंग्ज

फोन मिटल्यावर चालू ॲपचं काय करायचं, ही सेटिंग सगळ्यात आधी शोधा. ती डिस्प्लेच्या पर्यायांत असते. काही ॲप मिटल्यावरही बाहेरच्या पडद्यावर चालू राहावीत, बाकीची बंद व्हावीत, असं निवडता येतं. मी नकाशा आणि फोनवरचं बोलणं चालू ठेवतो, बाकी सगळं बंद. मिटला की झोपला, ही सवय बॅटरीलाही मानवते.

बोटांचा ठसा बहुतेक फोल्डमध्ये कडेच्या बटणात असतो. मिटलेल्या फोनवर तिथे अंगठा पडतो, उघड्यावर कधी तर्जनी. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवून ठेवा.

कीबोर्ड आतल्या पडद्यावर दोन भागांत फोडायची सोय असते, ती चालू करा. नाहीतर मधल्या कळांपर्यंत अंगठा पोहोचत नाही. खालचा टास्कबारही, म्हणजे ॲपच्या चिन्हांची पट्टी, चालू ठेवा. अँड्रॉइडने मोठ्या पडद्यांसाठी २०२२ मध्ये १२एल ही आवृत्ती काढली तेव्हापासून तो आहे, आणि त्यावरून ॲप ओढून अर्ध्या पडद्यात टाकणं हा फोल्ड घेण्यातला अर्धा फायदा. जोड्या जतनही करता येतात.

काही ॲप आत उघडल्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून मधे उभी राहतात. सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपचं आकारमान वेगळं ठरवता येतं, तिथे पूर्ण पडदा निवडा. तरी बिघडलं तर ते ॲप बाहेरच वापरा, हट्ट करू नका.

फ्लिपवाल्यांसाठी: मोटोरोलाच्या छोट्या पडद्यावर जवळपास कुठलंही ॲप परवानगी देऊन चालवता येतं. सॅमसंगवर मूळची यादी आखूड आहे, ती वाढवायला सॅमसंगचंच गुड लॉक हे ॲप आणि त्यातलं मल्टिस्टार घ्यावं लागतं.

९. कुठलं काम आत, कुठलं बाहेर

पहिले पंधरा दिवस तुम्ही सगळंच उघडून कराल, ते ठीक आहे. नंतर कामं आपोआप वाटली जातात, आणि ती वाटणी लवकर झाली तर फोन लवकर आवडतो.

आत सर्वांत चांगलं होतं ते वाचन. ई-पेपरचं अख्खं पान न ताणता वाचता येतं. सातबारा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, शाळेच्या ग्रुपवर आलेलं वेळापत्रक, बँकेचं स्टेटमेंट, हे सगळं साध्या फोनवर चिमटीने मोठं करत वाचावं लागतं. इथे तसंच्या तसं दिसतं. फोनवर बोलता बोलता समोरच्याने पाठवलेली शीट बाजूला उघडी ठेवता येते. एका बाजूला रेल्वेचं तिकीट, दुसऱ्या बाजूला घरच्या ग्रुपवर चाललेला तारखांचा घोळ, हेही जमतं. वडील चष्मा शोधत बसण्याऐवजी माझा फोन मागतात, ही अनपेक्षित भर.

व्हिडिओबाबत मात्र जाहिरातींना भुलू नका. आतला पडदा जवळजवळ चौकोनी असतो. ८ इंची पडद्यावर यूट्यूबचा नेहमीचा १६:९ व्हिडिओ प्रत्यक्षात सुमारे ६.८ इंचांचा दिसतो, वर-खाली काळे पट्टे येतात. ६.९ इंची साध्या फोनवर तोच सुमारे ५.९ इंचांचा दिसतो, म्हणजे फायदा आहे, पण दुप्पट वगैरे नाही. आणि रुंद पट्टीचा, २.३९:१ आकाराचा चित्रपट लावलात तर साधा फोनच जिंकतो: तिथे ६.८, इथे ६.४. सिनेमासाठी फोल्ड घेणाऱ्यांना मी हे गणित कागदावर काढून दाखवतो.

अर्धा उघडून टेबलावर उभा करणं ही मात्र दोन्ही प्रकारांतली खरी मजा. व्हिडिओ कॉलला हात दुखत नाही, स्वयंपाक करताना पाककृती ओट्यापासून लांब उभी करता येते, आणि घरगुती समारंभात तिपाईशिवाय सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. मागच्या मोठ्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढता येतो, कारण बाहेरच्या पडद्यावर तुम्ही स्वतःला पाहत असता.

पैशांचे व्यवहार बाहेरच करा. काही ॲप उघडझाप केली की पान पहिल्यापासून चालू करतात. पैसे भरताना मधेच फोन उघडलात तर व्यवहार झाला की राहिला हे शोधत बसावं लागतं. दुचाकीच्या हँडलवर फोल्ड लावू नका. पकड नेमकी दोन पात्यांच्या कडांवर आणि बटणांवर येते. इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरता सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये आपल्या साध्या फोनबद्दलच दिला होता.

१०. धूळ, वाळू, गुलाल, पाऊस

सॅमसंगने फोल्ड ५ पर्यंत २ लाख उघडझापांचा दावा केला, फोल्ड ७ साठी ५ लाखांचा. दिवसाला १०० वेळा धरलं तरी २ लाखांना साडेपाच वर्षं लागतात. पण ही उघडझाप स्वच्छ प्रयोगशाळेत यंत्राने केलेली असते. तुमचा फोन उघडण्याने मरणार नाही, त्याला धोका मिटताना आत राहिलेल्या कणाचा आहे. वाळूचा एक दाणा रेघेजवळ राहिला आणि तुम्ही फोन मिटलात की दोन पाती त्याला मधे धरून दाबतात. वर मऊ थर, खाली ३० मायक्रॉनची काच.

पाण्याचं भय त्यामानाने कमी आहे. फोन धूळ-पाणी किती अडवतो हे ‘आयपी’ दर्जा सांगतो. फोल्ड ३ ला आयपीएक्स८ दर्जा होता. यातलं ८ हे पाण्यासाठी, एक्स म्हणजे धुळीची हमी दिलेलीच नाही. फोल्ड ६ आणि ७ ला आयपी४८ आहे. यातला ४ म्हणजे १ मिलिमीटरहून मोठे कण अडतील, त्याहून बारीक धूळ जाऊ शकते. कोकणातली वाळू, पिठाच्या गिरणीतलं पीठ, विसर्जनाचा गुलाल, वारीतला बुक्का हे सगळं १ मिलिमीटरपेक्षा बारीकच. पिक्सेल १० प्रो फोल्डला २०२५ मध्ये आयपी६८ मिळाला, म्हणजे धूळही अडते. तुमचं काम शेतात, बांधकामावर किंवा गिरणीत असेल तर या एका आकड्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वजन द्या.

पावसात भिजला तर घाबरू नका, पण ओला असताना उघडझाप करू नका. पुसा, अर्धा उघडून पंख्याखाली ठेवा, कोरडा झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात अजिबात नाही, तांदळाचा भुसा बिजागरीत जाईल. समुद्राचं पाणी आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन या दर्जांच्या चाचणीत नसतं. तारकर्लीला गेलात तर फोन झिपच्या पिशवीत आणि मिटलेला. विसर्जन मिरवणुकीत मी जुना साधा फोन नेतो.

साफसफाई कोरड्या कापडाने, रेघेच्या दिशेने, दाब न देता. बिजागरीतली धूळ रबरी फुग्याने उडवा. गॅरेजमधला हवेचा पाइप लावला तर धूळ बाहेर येण्याऐवजी आत जाते. कणीक मळलेल्या किंवा चिवडा खाल्लेल्या हाताने उघडू नका, हे सांगायची गरज नसावी, पण आमच्या घरी सांगावं लागतं.

उन्हाचंही बघा. सॅमसंगच्या सूचनांत ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची कक्षा दिलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून किती तरी जास्त. तिथे फोन ठेवायचा नाही. कॅनडा-मिनेसोटातल्या वाचकांना उलटी अडचण: गोठलेल्या हवेतून आत आल्यावर फोन खोलीच्या उबेला येऊ द्या, मग उघडा, कारण थंडीत वरचा थर ताठर होतो.

११. बिघाडाची लक्षणं आणि सर्व्हिस सेंटर

रेघ खोल होणं हा बिघाड नाही. रेघेवरचा संरक्षक थर सुटून लांबट बुडबुडा दिसायला लागणं मात्र हाती घ्यायची गोष्ट आहे. वर्ष-दीड वर्षात हे बऱ्याच फोनना होतं. बुडबुडा बोटाने दाबून बसवू नका, सुटलेली कड कापू नका. अधिकृत केंद्रात तो थर बदलून मिळतो. किती पैसे पडतील आणि पहिली वेळ फुकट आहे का, हे फोनवर आधी विचारा. फोल्डिंग फोनचं काम प्रत्येक केंद्रात होत नाही, काही ठिकाणी नुसता जमा करून मोठ्या शहरात पाठवतात. त्यामुळे ‘तुमच्याकडेच करता का?’ हा प्रश्न पहिला.

थराखाली, म्हणजे पडद्यातच काळा डाग, हिरवी रेषा, लुकलुक दिसली तर त्याच दिवशी कामाला लागा. असे डाग पसरतात. नेताना बिल, विमा योजनेचा क्रमांक आणि ओळखपत्र न्या. फोन हातातून देण्याआधी चारी बाजूंचे, बिजागरीचे आणि मिटलेल्या अवस्थेतले फोटो काढा. ओरखडे आधीचे होते की नंतरचे, हा वाद काउंटरवर सर्रास होतो, आणि कडेला ठेच दिसली की वॉरंटीचं काम अपघातात ढकललं जातं. जॉब शीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या पावतीवर, ‘बाह्य नुकसान नाही’ असं लिहून घ्या.

दुरुस्तीत माहिती पुसली जाऊ शकते. इथे फोल्डवाल्यांचं एक नशीब चांगलं: आतला पडदा पूर्ण गेला तरी बाहेरचा बहुधा चालू असतो. फोन मिटवा, बाहेरूनच बॅकअप घ्या, बँकेची ॲप काढून टाका, सिम काढा, ई-सिम असेल तर दुसऱ्या फोनवर हलवायला अर्ज टाका, आणि मगच घराबाहेर पडा.